देवीच्या बेटावरच्या माझ्या गोगलगायी

२२ जून

बेटावर गेले. यंदाची पहिली फेरी. मलकापूरपर्यंत एसटी, पुढं वडापची जीप, पुढं हौसाबाईची काहील. जुनी गुऱ्हाळातली काहील. एके काळी तिच्यात गूळ शिजायचा, आता धरणाच्या पाण्यावरनं माणसं आणि म्हशींचा चारा नेते. वल्हं मारलं की आधी जागच्या जागी फिरते, मग पुढं जाते. हौ. म्हणाली, "भोवळ येती तर डोळं मीट." मिटले की जास्त येते.

खर्चुडीचे कोंब मोजायला गेले होते, कंदिलासारख्या फुलांची ती दुर्मिळ वेल. देवळाच्या मागं मूळच्या १९ जागा, वीस वर्षं मोजतेय. शिवाय गेल्या जुलैत मी गच्चीवर वाढवून लावलेली ३० रोपं. आज मूळच्या १९ पैकी ११ ला कोंब. बाकी ८ जागी जमिनीलगत कुरतडलेलं. माझ्या तिसातली चारच शिल्लक. उंदराचे दात असे नसतात. पानांवर चकचकीत पट्टे, वाळलेल्या शेंबडासारखे.

दगड उलटला तर खाली बसलेली. गोगलगाय. आपली पावसाळ्यातली बारकी नव्हे. वांग्याएवढी, तपकिरी पट्ट्यांची, शंख टोकदार. आफ्रिकन. वडगावकडं भाजीच्या मळ्यात पाहिली होती, शेतकरी कपाळाला हात लावून बसलेले.

पण इथं? चारी बाजूंनी पाणी, मे महिन्यातही आटत नाही. धरण झालं, गाव वर सरकलं, देवीची राई तेवढी टेकडीसकट पाण्यात उरली. शेळ्या येत नाहीत म्हणून तर खर्चुडी इथं टिकली. पलीकडच्या डोंगरावरची शेळ्यांनी आणि कंद खणून खाणाऱ्यांनी कधीच संपवली.

मग ही बया आली कशी?

एक विचार आला. लिहीत नाही.

२४ जून

लिहिते. नाही लिहिलं तर काय तो जाणार आहे?

गच्चीवरच्या कोपऱ्यात गेल्या वर्षीच्या मातीचं अर्धं पोतं पडलं होतं. आज ओतलं. तळाशी तीन शंख, रिकामे, बोटाच्या पेराएवढे. आणि फुटलेली टरफलं, पिवळट.

गेल्या जूनमधे माझं घरचं खत कमी पडलं. एकतीस वर्षं कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होते. माती चाळल्याशिवाय, उन्हात तापवल्याशिवाय कुंडीत घालायची नाही, हे पोरांना मीच ओरडून सांगायची. पण पाऊस तोंडावर आला, रोपं पिशव्यांत हलवायची घाई, म्हणून एका नर्सरीतनं चार पोती आणली. मातीत साबुदाण्याएवढे पिवळट गोल दाणे होते. मला वाटलं, सावकाश विरघळणाऱ्या खताच्या गोळ्या. शांताला (माझी धाकटी बहीण, आम्ही दोघीच राहतो) म्हटलंसुद्धा, "बघ, चांगलं खत घातलंय गं बिचाऱ्यांनी."

अंडी होती ती. मी माझ्या हातानं, पिशवी पिशवीत सारखी वाटून, काहिलीत घालून देवीच्या बेटावर नेली. वर पेपरात फोटो. ‘खर्चुडीला जीवदान देणाऱ्या अक्का.’

जीवदान! थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतंय.

२५ जून

गच्ची रिकामी केली. १४० कुंड्या. उकळतं पाणी ओतलं एकेकीवर. खर्चुडीची राखलेली नऊ रोपंही गेली त्यात. शांता पातेली चढवत राहिली, काही विचारलं नाही. शेवटी म्हणाली, "अक्का, त्या नऊ तरी ठेवायच्या होत्यास."

ठेवल्या असत्या तर मी काय शिकले?

२६ जून

सरांना फोन. आमच्या विभागाचे जुने प्रमुख. त्यांना सगळं सांगितलं, पोत्यापासून.

शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "हे कुणाला सांगू नका. पुराच्या पाण्यातून आली म्हणा. लाकडाच्या ओंडक्यावर बसून येतात."

"पण आल्या नाहीत ना तशा."

"गिरिजाबाई, सिद्ध कोण करणार आहे?"

फोन ठेवल्यावर अर्धा तास बरं वाटत होतं. त्याची लाज जास्त.

२९ जून

तातोबा गुरवांना भेटले. सत्तरी पार, देवीचे पुजारी, बेटावर त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नाही. गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या म्हटलं.

"आईच्या आवारात जीव मारायचा न्हाय."

"बरं. मग बाहेर न्हेऊन मारते."

"आईच्या आवारातली काडी भाईर न्यायची न्हाय. अक्का, तुला म्या सांगायचं व्हय?"

खरंच आहे. वीस वर्षं मीही पाळतेय. परतताना काठावर थांबायचं, पदर झटकायचा, चपला आपटायच्या, पान-माती काही अंगाला लागून बाहेर जायला नको. हौ. एकदा घरी पोचल्यावर केसात देवराईचं पान सापडलं म्हणून काहील घेऊन परत गेली होती. ह्या एका नियमानं ही राई राखली, मी स्वतः भाषणात सांगते.

फक्त बाहेर जाताना झटकतात. आत येताना कुणी झटकत नाही. कुणाला सुचलंच नाही की आत काही वाईट येईल. मलाही नाही.

म्हणजे आत मारायची नाही, बाहेर न्यायची नाही. खर्चुडीनं करायचं काय, हात जोडून बसायचं?

२ जुलै

डोकं चालवलं. मारत नाही, नेत नाही, ठेवते. भाजीचे दोन प्लास्टिकचे क्रेट, वर बारीक जाळी, तारेनं बांधलेली. बेटावरच, देवळाच्या बाजूला. तुरुंग.

हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून वेचल्या. हौ. ला पण घातल्या, ह्या जातीच्या अंगात वाईट जंतू असतात. तिला मजा वाटली. "चिकचिक चिकाटतीया गं! आमच्या जावंसारखी." सकाळभरात ६३.

तातोबांनी क्रेटमधे वाकून बघितलं. "आणि ह्यास्नी खायला काय घालनार?"

"काय न्हाय."

"उपाशी ठिवून मारनार व्हय? त्ये बी मारणंच की."

म्हाताऱ्याला वकील व्हायला पाहिजे होतं. म्हटलं, कोबीचा पाला घालते. घातलाही. जिला मारायला आले तिला कोबी!

१० जुलै

तुरुंगात बाळंतपणं झाली.

क्रेटच्या तळाशी पिवळट दाण्यांचे पुंजके. एकात मोजले तर शंभराच्या वर. आठ दिवस कोबी खाऊन धष्टपुष्ट झाल्यात सगळ्या. जाळीचा एक कोपरा वर उचललेला, किती पळाल्या देव जाणे.

मूळचे कोंब आता ७.

काठावर बसून रडले. दुःखानं नव्हे, संतापानं. हौ. नं पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाली, "रडून काय त्या मरत्यात व्हय? डोळ्यातलं मीठ तेवढं सांडू नगंस."

११ जुलै

मलकापुरात तातोबांच्या लेकीकडं ते आलते, तिथंच गाठलं. कोंब सात उरले सांगितलं. हे पण सांगितलं की दोन पावसाळ्यांत तिथं गवतही राहणार नाही, आईला फुलाला फूल मिळणार नाही.

तंबाखू मळत बसले बराच वेळ. माझ्याकडं बघत नव्हते.

"ह्या गोगलगायी आईच्या हायत का?"

"म्हंजी?"

"आईच्या असल्या तर न्यायच्या न्हायत. आईच्या नसल्या तर ज्याच्या हायत त्यानं न्याव्यात. आमचा आजा सांगायचा, कुनाचं तरी रेडकू आत शिरलं तर मालकानं आईम्होरं हुबा ऱ्हाऊन ‘माझं’ म्हणायचं. मग न्यायचं. मालक न्हाय आला तर रेडकू आईचं."

"आणि पाण्यातनं व्हाऊन आलेलं?"

"पाण्यानं आणलं म्हंजी आईनंच आणलं. त्ये हितंच ऱ्हानार."

त्यांनी चुना झाडला.

"सगळ्यांम्होरं म्हणाय लागतंय. आनी एक हाय. ज्यानं न इचारता आत आणलं त्यानं परत आत पाय ठिवायचा न्हाय. आई कौल देईपतोर."

वडापमधे सगळा रस्ता हेच. सरांचा ओंडका खरा मानला तर गोगलगायी देवीच्या, कुणी हात लावायचा नाही. म्हणजे माझं नाव राहतं आणि खर्चुडी जाते. खरं सांगितलं तर खर्चुडीला काहीतरी आशा, आणि मला ती परत बघायला मिळत नाही. कौल कधी लागेल? त्यांच्या आजाच्या वेळी एकाला लागलाच नाही म्हणे, मेला बिचारा वाट बघून.

त्यांना माहीत आहे का? गेल्या जुलैत माझ्या काळ्या पिशव्या काठावरनं वर न्यायला त्यांनीच हात लावला होता.

१४ जुलै

तीन दिवस ठरवतेय. खोटं कशाला, ठरवत नाहीये, टाळतेय.

वीस वर्षं. ती वेल मी पहिल्यांदा बघितली तेव्हा सर आत देवळाच्या सावलीत डबा खात होते. मी हाक मारली. त्यांनी येऊन फोटो काढला, नाव लावलं, लेख छापला. माझं नाव शेवटी आभारात, तेही ‘श्रीमती जी.’ एवढंच. तेव्हा वाटलं होतं, नावाचं काय मोठं, वेल तर माझी. आता हीच वेल बघू नको म्हणतात तातोबा.

शांता म्हणाली, "नको सांगूस अक्का. गावात तोंड दाखवायला जागा राहायची न्हाय."

"गावात कोण बघतंय माझं तोंड? खर्चुडी बघायला जाते मी."

"ती पण बघायला मिळायची न्हाय की मग."

बरोबर आहे तिचं. म्हणून तर तीन दिवस.

१८ जुलै, शुक्रवार

सांगितलं.

हौ. नं चार फेऱ्या केल्या, एक मच्छीमाराची होडीही आली. वीस-बावीस माणसं. पाऊस भुरभुरत होता. देवळासमोर उभी राहिले. वाटलं होतं आवाज फुटणार नाही. फुटला, आणि नको तितका मोठा. प्रॅक्टिकलला मागच्या बाकावर ओरडायची सवय.

म्हटलं, "आई, ह्या गोगलगायी तुझ्या न्हाईत. पुरानं आणल्या न्हाईत. गेल्या वर्षी मी रोपांच्या मातीतनं आणल्या. चाळली न्हाई, तापवली न्हाई. माझी चूक. ह्या माझ्या हायत. मला न्हेऊ दे."

मागनं एक बाप्या, "म्हंजी तूच व्हय! आनी पेपरात फोटो आलता की तुझा!"

"आलता," म्हटलं. "आता ह्याचा बी काढा. थांबते मी."

त्यानं खरंच मोबाईल काढला. मी सरळ त्याच्याकडं बघून उभी राहिले. त्याचीच मान खाली गेली.

एक म्हातारी पुटपुटत होती, आईच्या दारात घाण आणली म्हणून. तिला काय उत्तर देणार? आणलीच.

तातोबांनी देवीसमोर नारळ ठेवला. "आई, ह्ये बाईचं हाय. तिचं तिला न्हेऊ दे." मग माझ्याकडं वळले. पहिल्यांदाच अहो-जाहो. "चला अक्का. तुम्ही भाईर."

काठावर पदर झटकला. चपला आपटल्या. काहिलीत बसले. मागं वळून बघितलं नाही, म्हणजे बघितलं, पण झाडीतनं दिसतं काय!

१९ जुलै

कामाची पद्धत ठरली, माझा मुक्काम पलीकडच्या काठावर गावातच. संध्याकाळी हौ. आणि तिची जाऊ गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं आत पसरतात. गूळ म्हटला की ह्या येतात. कोल्हापूरचा गूळ, कोण येणार नाही? पहाटे उजाडलं की गोणपाट उलटायचं, खाली चिकटलेल्या वेचून बादलीत टाकायच्या, बादली काठावर. काहील काठाला बांधलेली, मी आत, मीठ-पाण्याचं पिंप माझ्याजवळ. मीठ बेटावर सांडायचं नाही, मुळं जळतील. म्हणून मारायचं पाण्यावरच. आत नाही आणि पलीकडं तर नाहीच, तिकडं एक जरी जिवंत गेली तरी मग सगळा डोंगर.

पहिल्या दिवशी २१२. शिवाय क्रेटमधली अंडी.

सगळ्या मीच टाकल्या. हौ. म्हणाली मी टाकते. नाही म्हटलं. माझ्या आहेत.

फेस येतो. आवाजही येतो, बारीक, फसफस. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी कोंबडीला सुरी लावली नाही.

२२ जुलै

१४७. ९८. आज १३१.

त्या बाप्यानं काढलेला व्हिडिओ फिरतोय. सरांचा फोन. "कशाला केलंत हे? नाव गेलं तुमचं."

"आधी कुठं होतं सर?"

म्हणाले, तब्येतीला जपा.

वीस वर्षं पोटात होतं ते. बरं वाटलं. सरांना वाईट वाटलं असेल, वाटू दे.

२५ जुलै

श्रावण लागला. दोन दिवस कोल्हापुरात घरी. सकाळी पूजेला बसले, इष्टलिंग तळहातावर घेतलं आणि हाताला तोच वास. लिंबू घासलं, राख घासली. जात नाही.

शांता, "श्रावणात रोज शेकड्यानं जीव घेतीस व्हय गं? सोमवारी तरी थांब."

"त्या थांबतात का सोमवारी?"

"अप्पा असते तर घरात घेतलं नसतं तुला."

हे लागलं. अप्पा मुंगीला वाट करून देणारे. पण अप्पांनी साबुदाण्याएवढी अंडी तीस पिशव्यांत भरून कुठं नेली नव्हती. ज्यानं पसरलं त्यानं आवरायचं, हेही अप्पाच सांगायचे. जेवून उठताना स्वतःचं ताट स्वतः, हा नियम कुणाचा होता?

शांताला हे सगळं मोठ्यानं सांगितलं. ती वाटाणे सोलत राहिली.

२८ जुलै, सोमवार

गेले. ७६. आधी पूजा, मग पिंप.

घरनं निघताना पिशवी जड लागली होती. उघडली तर पाच किलो खडेमीठ. शांतानं घातलेलं.

६ ऑगस्ट

४१. ३८. आज २९.

मला आतलं काहीच दिसत नाही. हौ. ला मोबाईल दिला, म्हटलं रोज सातही कोंबांचा फोटो काढ. आज सात फोटो आले. तीन तिच्या अंगठ्याचे, दोन तिच्या पायांचे, एक आभाळाचा. एकात वेल आहे, मागं, धूसर. बोट लावून मोठं करून बघितलं. पाच पानं. कुरतडलेली नाहीत.

तो एक फोटो किती वेळा बघितला, सांगायची लाज वाटते.

७ ऑगस्ट

हौ. वर ओरडले. सहाव्या कोंबावर तिनं गोणपाट टाकलं. दगडाजवळचा, मी शंभर वेळा सांगितलेला. दुमडला, मोडला.

ती पण ऐकणारी नाही. "मग ये की तूच आत! हितं बसून हुकूम सोडतीया. माझ्या म्हशी तिकडं हंबरत्यात, मी तुझ्या गोगलगायी येचतीया. माझ्या न्हाईत त्या!"

खरं आहे. तिच्या नाहीत.

परतताना काहील नुसती फिरत राहिली.

८ ऑगस्ट

पहाटे हौ. आली. मला वाटलं नव्हतं येईल. बादली ठेवून म्हणाली, "खाली गाठीतनं परत फुटतंय काय बघ म्हणून माती जरा उकरली. कंद हाय. जित्ता हाय." परत झाकून वर काट्या रोवल्यात म्हणे.

मी चुकले म्हटलं. ती म्हणाली, "चहा आणलाय का?"

१७ ऑगस्ट

१२. ९. ९.

गावातली दोघं-तिघं आता आपणहून येतात. व्हिडिओ काढणारा बाप्या पण. नाव दिनकर, पलीकडं दूध संकलनाला असतो. आज बादली घेऊन काठावर आला, पिंपात वाकून बघितलं, तोंड फिरवलं.

"दररोज ह्येच करता व्हय अक्का?"

"मग कोण करनार?"

त्यानं एक उपयोगाची गोष्ट केली. येतानाच्या काठावर एक फळी ठोकली, खडूनं लिहिलं: ‘आत येताना पण पाय धुवा. माती, रोप, कुंडी आणू नये.’ तातोबांना विचारून. तातोबा म्हणाले म्हणे, ह्यो नियम आमच्या आज्याला सुचाय पायजे हुता.

पावसात खडू दोन दिवस टिकणार नाही. त्याला रंग आणायला सांगितलाय.

२६ ऑगस्ट

तातोबांनी आज देवीला कौल लावला. मी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपणहून. दोन्ही बाजूंना पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर अक्का आत, डावी पडली तर नाही.

डावी पडली.

हौ. तणतणत काठावर आली. "परत लाव म्हटलं मी! पाकळी वल्ली हुती म्हटलं. ऐकतोय कुठं म्हातारा."

तातोबा स्वतः काठापर्यंत आले. पायरीवर बसले, गुडघे धरून. म्हणाले, "मला वाटलं हुतं देईल."

म्हटलं, "मामा, तुमचा काय दोष? आईचं खरं."

वरवर म्हटलं. आतनं भडकले होते. सव्वा महिना पिंपापाशी बसतेय, माझे हात बघा म्हणावं. सालपटं निघालीत मिठानं. अजून काय पाहिजे बाईला?

मग म्हटलं, बरं. नको देऊस कौल. मी कौलासाठी बसलेच नव्हते. तुझं आत, माझं इथं, पिंपात. तू तुझी खर्चुडी राख, मी माझं निस्तरते. बघू कोण आधी दमतं.

देवीला असं बोलू नये. बोलले.

३ सप्टेंबर

गौरी-गणपतीला घरी आले होते, परत गेले. मधल्या दिवसांत हौ. नं गोळा करून झाकणाच्या डब्यात ठेवलेल्या, माझ्यासाठी. ११. "तुझ्या हायत, मी कशाला मारू?"

कोंब: मूळचे सात, पैकी सहा चढलेत. मोडलेला कंद अजून मुका. माझ्या तिसातलं एकही नाही. बरं झालं.

९ सप्टेंबर

चार दिवस शून्य.

दिनकर म्हणाला, "संपल्या की अक्का! पेढं द्या." हौ. गोणपाटं धुवायला निघाली. दोघांना दटावलं. ह्या जमिनीत पुरून राहतात, कळ काढतात, आपण विसरलो की वर येतात. गोणपाटं परत भिजवायला लावली. गूळ संपला होता, शांताकडनं मागवला.

खरं सांगायचं तर मलाही संपल्या म्हणायचं होतं. इतकं म्हणायचं होतं की तोंडापर्यंत आलं.

१४ सप्टेंबर

नऊ दिवस शून्य.

पहाटे धुकं होतं. काठापासनं दहा हातांवरची झाडी दिसत नव्हती. हौ. आत गेली आणि थोड्या वेळानं आतनं ओरडली. वाटलं, साप.

"अक्का! फुललीया!"

"काय?"

"तुझी ती! कंदील! दोन हायत! एक उघडलाय!"

उभी राहिले. काहील हलली, पिंप कलंडता कलंडता राहिलं. एक पाय काठाच्या दगडावर. खोटं लिहीत नाही, ठेवला होता.

हौ. धावत काठावर आली. पदरात काही नव्हतं, तोडून आणणार नाही ती. हात पुढं केला. "ये की. धुकं हाय. तातोबा बी न्हाय आज. कोन बघतंय?"

दोन कंदील. वीस वर्षांत दर सप्टेंबरला बघितलेत, नळीत बारक्या माशा अडकतात आणि दुसऱ्या दिवशी सुटून जातात, ते बघत गुडघे मोडेपर्यंत बसलेय. चाळीस पावलं असतील. पावलं मला पाठ आहेत.

पाय मागं घेतला.

हौ. ला राग आला. "काय हट्ट गं हा!"

हट्ट नाही. आज आत गेले तर ‘माझं’ म्हटलेलं खोटं पडतं. मग गोगलगायी परत देवीच्या, कुणी वेचायच्या नाहीत, कुणी न्यायच्या नाहीत. एवढ्या एका शब्दावर चाललंय सगळं. हे तिला समजावून सांगितलं. तिला पटलं की नाही कळलं नाही, पण हात खाली घेतला.

"कसं हाय सांग तरी," म्हटलं.

विचार करत उभी राहिली. "हिरवट हाय. खाली फुगीर. वर पाच काड्या एकत्र मिळाल्यात, गुरुवाच्या समईवानी. आनी आत काळं काळं हलतंय कायतरी."

"माशी."

"मग माशी हाय."

डोळे भरून आले. लपवले नाहीत, धुक्यात कोण बघतंय.

"बादली दे," म्हटलं.

दिली. रिकामीच वाटली. तळाशी बघितलं तर एक होती. नखाएवढी, शंख अजून पारदर्शक. यंदाच्या अंड्यातली. म्हणजे अंडी कुठंतरी आहेतच, आम्हाला न सापडलेली.

पिंपात टाकली. मोजली: १.

हौ. काठावर बसली, पाय पाण्यात सोडून. "आनी किती दिस बसणार हाईस हितं?"

"माझं संपेपर्यंत."

तिनं बादली विसळली, पाय धुतले आणि परत आत गेली.